शिवलेल्या वहीतली कोरी पानं

वहिनी,

काल गणिताचा पेपर झाला. जव्हारला, तुझ्याशिवाय. अर्ज आपण दोघींनी एकत्र भरले होते म्हणून नंबर पाठोपाठ आले होते, आणि माझ्या पुढच्याच बाकावर खडूने तुझा नंबर लिहिलेला होता. तिथे कोणी येऊन बसलं नाही. अख्खा पेपर मी त्या मोकळ्या बाकाकडे बघत लिहिला. तू जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि मी तुला पेपरचं सांगायला बसले आहे, कारण पेपर कसा गेला हे सांगायला मला दुसरं माणूसच नाही. दादाला सांगायला गेलं तर तो म्हणेल, 'बरा गेला ना? मग झालं.' तुझा नवरा असला तरी माझा भाऊ आहे तो, मी त्याला तुझ्याआधीपासून ओळखते.

तुझ्या तापाबद्दल मी काही लिहिणार नाही. पाड्यावर ते इतक्यांदा सांगून झालंय की सांगणाऱ्यांना तोंडपाठ झालंय. मला लिहायचंय ते माझ्या भीतीबद्दल. ती तुला ठाऊकच आहे, पण तू गेल्यावर ती किती वाढली हे तुला ठाऊक नाही.

आपण दोघी कंत्राटावरच्या बाया. मी मोखाड्याच्या आश्रमशाळेत, तू साखरशेतला माहेरी राहून जव्हारकडच्या शाळेत, आणि शनिवार आला की दोघी सूर्यमाळला घरी. हा एक पेपर सुटला तर गणिताच्या शिक्षिका म्हणून कायम, नाही सुटला तर नव्या वर्षापासून घरी बसा, असं स्पष्ट सांगितलेलं. फळ्यासमोर मी वाघीण असते हे तू स्वतः म्हणायचीस. पण छापील पेपर समोर आला की माझी बोटं गार पडतात आणि येत असलेलंही कुठे जातं कळत नाही. लहानपणी वसतिगृहात गणिताचे गुरुजी पेपर वाटताना ज्याचा मागचा निकाल वाईट त्याच्यासमोर थोडं थांबायचे. माझ्यासमोर थांबायचे. ते थांबणं अजून माझ्या पोटात आहे.

म्हणून सूचना आली तेव्हा मी नाचलेच होते. 'स्वतःच्या हाताने लिहिलेली, शिवून बांधलेली एक टिपणवही आत नेता येईल. सुटं पान, चिकटवलेलं पान, छापील कागद चालणार नाही.' मला वाटलं, सुटलो! वही न्यायची म्हणजे पाठांतर गेलं. तू मात्र ती सूचना वाचून कपाळाला हात लावलास. म्हणालीस, "बाय, वही नेऊ देतात म्हंजे पेपर किती वंगाळ काढत असतील बघ."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं.

मी म्हटलं, आधी सुट्या कागदांवर लिहू, मग जव्हारला झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल मारून आणू. तू म्हणालीस, स्पायरलमधून पान काढता येतं आणि घालताही येतं, बाई दारातच अडवतील. सूचनेत 'शिवून' लिहिलंय ना, मग शिवायची. आणि शिवायची तर आधी शिवायची, मग लिहायची. म्हणजे मागून पान घातलं असा संशय घ्यायला कुणाला जागाच नको. मी तुला किती समजावलं! कोणत्या धड्याला किती पानं लागतील हे लिहिल्याशिवाय कसं कळणार? तू म्हणालीस, "शेतात राब भाजून भात पेरताना कळतं का किती रोपं येतील? अंदाजानं करतो ना?" मग पोत्यांची तोंडं शिवायचं दाभण काढलंस, मेण लावलेला दोरा काढलास, आणि लग्नाकार्यांत मिळालेल्या ब्लाउजपीसांमधले कुणी कधी घालणार नाही असे दोन निवडून पुठ्ठ्यांवर ताणलेस. तुझं जांभळं, माझं पोपटी. मला पोपटी का, विचारलं तर म्हणालीस, घाबरट माणसाची वही लांबून दिसली पाहिजे.

कोऱ्या वह्या शिवून झाल्यावर मात्र अंदाजाचा बोऱ्या वाजला. श्रेढींनीच एवढी जागा खाल्ली की भूमितीला अंग चोरून बसावं लागलं. पान वाढवता येईना, फाडता येईना. तू तुझ्या माणसांसारखीच आहेस, वहिनी, खळं सारवायच्या आधी भात कापून मोकळी होणारी. हे मी तेव्हा म्हटलं होतं आणि तू माझ्याशी दुपारभर बोलली नव्हतीस. संध्याकाळी माझ्या वहीच्या शेवटी राहिलेल्या पानांवर शिसपेन्सिलने तूच 'संभाव्यता' असं लिहिलंस आणि म्हणालीस, "हे सगळ्यात शेवटी. हे मी शिकवीन तुला, तोवर हात नको लावू."

आपण शिकलो ते झऱ्यावर. या दिवसांत झऱ्याचं पाणी हंड्याच्या बुडाला लागेल एवढंच साचतं, ते वाटीने उपसायचं, पुन्हा साचेपर्यंत बसायचं. बाकीच्या बाया त्या वेळात सगळ्या पाड्याची खबर घ्यायच्या आणि आपण लॉगॅरिदम. मोठी काकी, वडलांच्या मागे घर सांभाळणारी आपली काकी, एकदा वैतागून म्हणाली होती, "ह्या दोघी पाणी भराया येतात का कोर्टात भांडाया येतात?" आपली पाळी आली की भांडण अर्ध्यात सोडून वाटी धरायचो. अजूनही बायका आपली जागा सोडून बसतात तिथे. मी एकटीच जाते. वही नेत नाही.

आता त्या डहाळीचं लिहिते, कारण कालचा पेपर तिच्याशिवाय सांगता येणार नाही.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा साखरशेतच्या मोकळ्या माळावर वाढलेली मुलगी होतीस. आमचं रान तुला अंगावर यायचं. सडकेवरून पाड्याकडे येताना ते गर्द वळण लागतं ना, तिथे तुझे पाय थांबायचे. मीच तुला शिकवलं की झुडपाची एक ओली डहाळी मोडायची, वळणावरच्या डहाळ्यांच्या ढिगावर टाकायची आणि पुढे निघायचं. म्हणजे रानाला सांगितलं की आम्ही चाललो. आणि टाकल्यावर मागे बघायचं नाही. आमच्याकडे सगळे तसंच करतात, का ते कोणी विचारत नाही. तू डहाळी टाकलीस, चार पावलं गेलीस आणि गर्रकन मागे वळलीस. मी ओरडले तर म्हणालीस, "तू येतेस का ते बघत होते." मग कायमचंच झालं ते. ढिगावर डहाळी टाकायची आणि मागे वळून माझ्यासाठी थांबायचं. काकीने किती वेळा टोकलं. तुझं एकच उत्तर, "माझं माणूस मांगं असलं तं मी बघणार."

पुढे तू तीच डहाळी वहीत आणलीस. माझी बोटं ज्या प्रकारच्या गणितावर गार पडायची, त्याच्या समासात तू मला छोटी डहाळी काढायला लावलीस. एक काडी, तिला तीन पानं. म्हणालीस, "अडलं का टाक डहाळी आणि चाल पुढं. वळणावर रात काढतो का आपण?" माझी वही डहाळ्यांनी भरली आहे. त्रिकोणमितीचं तर जंगल झालंय.

संभाव्यता तू चिंचोक्यांवर सुरू केलीस. काकीने वाळत घातलेल्यांतले चार घेतलेस, फोडून अर्धुकं केलीस, एक बाजू काळी, एक पांढरी. एकेक ओटीवर टाकायचीस आणि मला विचारायचीस, पुढे काय पडेल? एकदा सारखं पांढरंच पडत गेलं. मी म्हटलं, आता काळं पडणारच, किती वेळ पांढरं पडेल? तू म्हणालीस, नाही, आताही तेवढीच शक्यता. मी म्हटलं, असं कसं? जगात काही न्याय आहे की नाही? तू हसलीस. "चिंचोक्याला काय आठवतं गं, मघाशी काय पडलं ते?" मी ऐकेना. मी म्हटलं, इतक्यांदा एकच पडल्यावर दुसऱ्याची पाळी यायलाच पाहिजे. तू दमली होतीस, अंगात कसकस होती. 'बघू नंतर' म्हणून आत जाऊन पडलीस. चिंचोके ओटीवरच राहिले.

आपलं शेवटचं धड बोलणं ते. कसल्याही प्रेमाचं नाही, निरोपाचं नाही. काळं की पांढरं.

तुला अंगणात ठेवलं होतं तेव्हा काकी म्हणाली, "तिची ती वही द्या तिच्यासंगं. जीव होता तिचा तिच्यात. नायतर अडकून राहील." आमच्याकडे माणसाची जिवाची वस्तू माणसाबरोबर देतात. वडलांबरोबर त्यांची पानाची चंची दिली होती. दादा आत गेला आणि तुझी जांभळी वही घेऊन आला. सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "सुमन, तुला लागंल का ही? लागत असंल तं राहू दे. मी सांगतो काकीला."

वहिनी, मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते. तुझ्या हातची वही मला हॉलमध्ये नेता आली नसती, ते खरं. पण तुझ्या वहीत ती शेवटची पानं तू लिहून काढली होतीस का? मला शिकवायच्या आधी तू स्वतः लिहून ठेवायचीस, ही तुझी सवय. लिहिली असतीस तर ती बघून मला माझ्या वहीत उतरवता आली असती. नुसती उघडायची होती. सगळा पाडा माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मला भीती वाटली की पानं भरलेली निघाली तर माझ्या हातून वही सुटणार नाही. कोरी निघाली तर त्याहून वाईट, तू खरंच अर्ध्यात गेलीस हे मला तिथे, त्या अंगणात बघावं लागेल. मी म्हटलं, "दे तिला." दादाने वही तुझ्या उशाशी ठेवली. त्यात काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही.

आम्ही बायका ओढ्यापर्यंत आलो आणि तिथून फिरलो. काकीने माझा दंड घट्ट धरला होता. "मांगं नको बघू, बाय." मी नाही बघितलं. त्यानंतर मी कुठेच मागे बघत नव्हते. घरात तुझ्या पेटीकडे पाठ करून बसायचे. वळणावर डहाळी टाकून धावत सुटायचे. रानाची भीती मला कधीच नव्हती, ती तुझी होती. तू माझ्याकडे ठेवून गेलीस असं वाटायचं आणि तुझा रागही यायचा.

पोपटी वहीतल्या त्या कोऱ्या पानांवर मी काही लिहिलं नाही. पुस्तक समोर होतं, उतरवून काढायला अक्कल लागत नाही. पण पेन टेकवलं की तुझं 'हात नको लावू' ऐकू यायचं. परीक्षेला जाऊच नये असंही ठरवलं होतं. दादाला सांगितलं तर तो पहिल्यांदाच चिडला. "दोघींचे अर्ज भरलेत ना? मंग एक तरी जा." आणि सकाळी मोटारसायकल काढून मला सडकेपर्यंत सोडलं, जीपमध्ये बसेपर्यंत उभा राहिला.

हॉलच्या दारात एक बाई वह्या तपासत होत्या. पुठ्ठे धरून वही उलटी करायच्या आणि झाडायच्या, आत कोंबलेलं काही असेल तर पडावं म्हणून. एका मास्तरांच्या वहीतून चिकटवलेली पानं भसाभस गळून पडली आणि त्यांची वही बाहेर ठेवून घेतली. माझी झाडली. काही पडलं नाही. बाईंनी शिवण ओढून बघितली, पुन्हा ओढली. "कोणी शिवली?" मी म्हटलं, वहिनीने. "पक्की आहे," म्हणाल्या. मग मागची पानं उलटली. "ही कोरी का?" "राहिली," एवढंच म्हटलं. "आता आत काही लिहायचं नाही हं," असं म्हणून त्यांनी वही परत दिली. मला तुझा एवढा अभिमान वाटला की क्षणभर भीतीच विसरले. स्पायरल मारलं असतं तर माझीही वही त्या मास्तरांच्या वहीबरोबर बाहेर राहिली असती. हे भांडण तू जिंकलीस, घे.

पेपर हातात आला आणि बोटं गार पडली. तुझा बाक मोकळा. मी वही उघडली, वाचता येईना. अक्षर माझंच, पण कुणा भलत्याचं वाटत होतं. मग समासातली एक डहाळी दिसली, मग दुसरी. तुझा आवाज आला असं म्हणणार नाही, आवाज नाही आला. पण इतक्या ठिकाणी मी याआधी घाबरले होते आणि तरी पुढे गेले होते, हे वहीत डोळ्यांना दिसत होतं. श्रेढी लिहिली. भूमिती लिहिली. त्रिकोणमितीत गचके खाल्ले, एक उत्तर उणे आलं, जे येऊच शकत नाही, ते तसंच ठेवलं.

मधेच संभाव्यतेचा प्रश्न आला. एक नाणं सलग चार वेळा उडवलं, चारही वेळा छापा आला. पाचव्या वेळी काटा येण्याची संभाव्यता किती? कारण लिहा.

वहिनी, मी पेन खाली ठेवलं. आजूबाजूचे भराभर लिहीत होते. मी प्रश्नपत्रिकेवर त्या प्रश्नाजवळ डहाळी काढली आणि पुढे गेले. पुढचं सगळं संपवलं. वेळ उरला होता. उरलेल्या वेळात काय करायचं ते मला ठाऊक होतं, पण त्यासाठी मागे जावं लागणार होतं, आणि ओढ्यापासून परतल्यापासून मी मागे गेलेच नव्हते. वाटलं, सोडून द्यावा. वाटलं, तिकडे गेले तर ओटीवरचे चिंचोके दिसतील, तुझं दमलेलं तोंड दिसेल आणि मी सगळ्यांसमोर रडेन.

पानं उलटून मागे गेले. सगळं दिसलं. चिंचोके, ओटी, तुझं कपाळ. रडलेही. बाई जवळ आल्या आणि पुढे निघून गेल्या. मग मी लिहिलं, एक छेद दोन. आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'आधी काय पडलं ते नाण्याला आठवत नाही.' असं पुस्तकी भाषेत लिहीत नाहीत, गुण कापतील कदाचित. तरी तेच लिहिलं. तूही तेच लिहिलं असतंस.

पण मला अजून तुझं पटलेलं नाही, हे लक्षात ठेव. एवढे जण तापाने पडतात आणि उठतात, या पाड्यावर या उन्हाळ्यात किती जण पडले आणि उठले. मग पाळी तुझ्यावरच का? तुझ्या गणितात याला उत्तर नाही. किंवा उत्तर आहे आणि ते मला सहन होत नाही.

निकालाची मला फार भीती वाटते. नापास झाले तर काय, याची वाटते, आणि पास झाले तर नव्या वर्षी पोरांना हाच धडा शिकवावा लागेल, त्याची जास्त वाटते.

संध्याकाळी जीपमधून सडकेवर उतरले. दादा घ्यायला यायचा होता, आला नव्हता, म्हणून चालत निघाले. वळणावर उजेड कमी होता. करवंदीची डहाळी मोडली, ढिगावर टाकली. मग आणखी एक मोडली, ती तुझी. दोन्ही टाकून चार पावलं पुढे गेले. काकी ऐकत असती तर ओरडली असती. पण माझं माणूस मागे होतं, वहिनी. मी वळून बघितलं.

वाट सडकेपर्यंत मोकळी होती. मी तरी थांबले, तू माझ्यासाठी थांबायचीस तेवढा वेळ, आणि मग घरी आले.